वकीलसाहेबांच्या पगड्या

नांदेडला आम्ही बिऱ्हाड केलं त्याच दिवशी मी एका अंधाऱ्या खोलीच्या दारापुढे, कमरेवर घागर आणि डोक्यावरून पुढे ओढलेला पदर, अशी कितीतरी वेळ उभी राहिले होते. मला खोली ओलांडून पलीकडे रांजणाकडे जायचं होतं. पण आत पुरुषमाणसं बसली होती. ओळीने. कोणाच्या डोक्याला पगडी, कोणाच्या लाल पगोटं, कोणाच्या हा एवढा थोरला फेटा. कोणी बोलत नव्हतं की हलत नव्हतं. माझ्या मनात आलं, घरात काही वाईट घडलंय आणि माणसं बसायला आली आहेत. अशा वेळी त्यांच्यापुढून घागर घेऊन जायचं कसं?

मागून आक्का आल्या. आक्का म्हणजे घरमालकांची विधवा थोरली बहीण. म्हणाल्या, "का गं, इथे का थांबून राहिलीस?"

मी हळूच म्हटलं, "आत पाहुणे आहेत."

आक्कांनी आत डोकावलं आणि उंबऱ्यावरच बसकण मारली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. "अगं, मडकी आहेत ती! माझ्या भावाची मडकी. जा खुशाल. त्यांच्यातला एक जरी उठून बोलला ना, तर मला हाक मार, मी पण ऐकते."

फळ्यांवर पालथी घातलेली मडकी होती. कुंभाराकडून मुद्दाम माणसाच्या डोक्याएवढी करून घेतलेली. कुठलं लहान, कुठलं मोठं, एक तर कपाळापाशी जरा चेपलेलं. प्रत्येकावर एक पगडी नाहीतर टोपी, आणि खाली, त्याच माणसाचा म्हणून, घडी घातलेला अंगरखा किंवा बाराबंदी. पुढे कळलं की चेपलेलं मडकं चुकून तसं झालेलं नव्हतं. ज्याची पगडी त्याच्यावर होती त्या माणसाचं कपाळच तसं होतं, म्हणून कुंभाराला सांगून तसं करवलं होतं.

हे आमचे घरमालक. पेशानं वकील. निजामाच्या अमलातली ती शेवटची वर्षं. अदालतीत सगळा कारभार उर्दूत चालायचा आणि वकीलसाहेबांची उर्दू अशी की मौलवीसुद्धा कान देऊन ऐकायचे. आमचे हे सरकारी शाळेत हिसाब शिकवायचे. आम्ही वरच्या दोन खोल्यांत राहायचो, खाली वकीलसाहेब आणि आक्का. वकीलसाहेबांची बायको फार पूर्वी गेली होती, मूलबाळ नव्हतं. मला ते 'सूनबाई' म्हणायचे. नात्याने मी कोणीच नव्हते, पण त्या एका हाकेने मला त्या घरात जागा मिळाली.

दिसायला म्हणाल तर अगदी साधे. उंच, किडकिडीत, मान लांब, चेहरा असा की बाजारात दोनदा समोर आला तरी ओळखू नये. पण सकाळी अंघोळ-पूजा आटोपून ते त्या खोलीत जात आणि बाहेर येत तेव्हा दुसरंच कोणी बाहेर येई. हे मी वाढवून सांगत नाही. चक्री पगडी घातली की पाठ ताठ व्हायची, पावलं मोजून पडायची. एका सावकाराचं पगोटं होतं, ते घातलं की मान डावीकडे कलायची. मी एकदा धीर करून विचारलं, "वकीलसाहेब, हे तुम्ही मुद्दाम करता?"

"मी काय करणार, सूनबाई? पगोट्याला आतून घामाचा डाग बघा. डाव्या अंगाला जास्त आहे. माणूस जन्मभर मान कलती करून बसला असणार. कापडाला सवय झाली ती. मी नुसता डोक्यावर घेतो, पुढचं तेच करतं."

त्यांचा एक नियम होता. एकाचा अंगरखा आणि दुसऱ्याची पगडी असं कधी घालायचे नाहीत. म्हणायचे, "दोन माणसं एका अंगावर आली की भांडतात." आणि कुठलीही गोष्ट नुसती ठेवायची म्हणून ठेवायचे नाहीत. वर्षातून एकदा तरी प्रत्येकाची पाळी यायची. ज्या दिवशी जो अंगावर असेल त्या दिवशी आक्काही गमतीनं त्याला मान द्यायच्या. "आज तंबाखूवाले देशमुख जेवणार का? मग भाजीत तिखट वाढवते."

पगड्या आणायचे कुठून, तर बोहारणींकडून. जुन्या कपड्यावर भांडी देणाऱ्या या बाया गावोगाव हिंडायच्या. वकीलसाहेबांना पाहिलं की पाटी खाली उतरवायच्या. ते रस्त्यात उकिडवे बसून चिंध्या उपसायचे, आणि काही हाती लागलं की पहिला सवाल, "हे कोणाचं गं?" बाईला माहीत नसलं तर पाटीत परत. कितीही सुंदर जरीकाम असू दे, ज्याचा माणूस ठाऊक नाही ते कापड त्यांनी कधी घेतलं नाही. माणूस ठाऊक झाला की मग त्याच्या गावी जायचे. माझ्या माहेरी अहमदपूरलाही असेच एकदा जाऊन आले. एका जुन्या कारकुनाचा हिमरू कापडाचा लांब चोगा मिळाला होता, तर तो कारकून हसायचा कसा हे विचारायला! माझे वडील त्यांना त्या घरी घेऊन गेले होते. पुढे कित्येक दिवस वडील सांगायचे, "घरातल्या लोकांना आधी वाटलं माणूस खुळा आहे. मग हळूहळू सगळे आठवायला लागले, आणि शेवटी रडायला लागले."

अदालतीत सुरुवातीला अडचण आली होती म्हणे. वकिलांनी शेरवानी घालून यावं असा दस्तूर. हे गेले बाराबंदी आणि पगडी घालून. मुन्सफसाहेब, म्हणजे न्यायाधीश, नवे होते, हैदराबादेहून आलेले. भर इजलासात म्हणाले, "वकीलसाब, ये क्या लिबास है?"

वकीलसाहेब वाकून म्हणाले, "हुजूर, क़ायदे में लिखा है कि सर ढका हुआ हो. किस ज़माने से ढका हो, ये कहीं नहीं लिखा."

मुन्सफसाहेब हसले, कारकून हसले, आणि त्या दिवसापासून मुन्सफसाहेबांनाच गोडी लागली. वकीलसाहेब आत शिरले की आधी विचारायचे, "आज कौन तशरीफ़ लाए हैं?" मग वकीलसाहेब थोडक्यात त्या माणसाची ओळख करून द्यायचे आणि मुकदमा सुरू व्हायचा.

चैत्रात सगळे कपडे उन्हात पडायचे. अंगणभर दोऱ्या, दोऱ्यांवर अंगरखे, शेले, चोगे. मी आणि आक्का उलटसुलट करायचो आणि संध्याकाळी कडुनिंबाचा वाळलेला पाला आणि वेखंड घालून परत घड्या. उसवलेलं मी शिवायची, पण जिथे जरीची तार तुटली असेल, कसर लागली असेल तिथे चाचा.

चाचा म्हणजे चौकातले रुमी टोप्या दाबणारे. त्या काळी मास्तर, कारकून, हिंदू असो की मुसलमान, सरकारदरबारी जाणाऱ्याच्या डोक्यावर ती लाल, काळ्या गोंड्याची उंच टोपी असायचीच. पावसानं, घामानं ती बसली की चाचांकडे द्यायची. पितळेचे साचे निखाऱ्यावर तापवून ते टोपी त्यावर चढवायचे, वाफ निघायची, आणि टोपी पुन्हा कोरी होऊन यायची. रफूही उत्तम करायचे. वकीलसाहेबांपेक्षा वयानं मोठे. दोघं ओसरीवर बसून एखाद्या पगोट्याच्या पिळावरून दुपारभर वाद घालायचे. आक्कांचं सोवळं कडक, त्यामुळे चाचा ओसरीच्या आत कधी आले नाहीत. त्यांचा चहाचा पेला वेगळा, कोनाड्यात ठेवलेला. चाचांनी ते कधी मनाला लावून घेतलं नाही. निदान तसं दाखवलं नाही.

चाचा चिडवायचे, "वकीलसाब, सारे ज़माने की टोपियाँ रखे तुम, मेरी एक रुमी नक्को बोलतें. कायकू?"

"चाचा, ती अजून बाजारात आहे. जुनी होऊ द्या, मग घेईन."

एक प्रसंग सांगते. हिमायतनगरकडची एक शेतकरीण जमिनीच्या तंट्यासाठी वकीलसाहेबांकडे आली होती. विधवा, पन्नाशीची, हातावर गोंदण. कागद दाखवताना तिची नजर उघड्या दारातून खोलीत गेली. ती उठली आणि सरळ आत गेली. एका मडक्यापुढे उभी राहिली. त्याच्यावर साधा पटका होता, हिरवट, कडेला विरलेला.

"हे आमच्या मालकाचं हाय," ती म्हणाली. "म्या बोहारणीला दिलतं. घरात बघवत न्हवतं."

वकीलसाहेब तिच्यामागे येऊन उभे राहिले. त्यांना ठाऊक होतं कोणाचा पटका ते, पण ही त्याचीच बाई हे माहीत नव्हतं. त्यांनी मडक्यावरून तो पटका दोन्ही हातांनी उचलला आणि तिच्यापुढे धरला. "घेऊन जा, बाई. तुमचा आहे."

तिनं हात लावला. नुसता फिरवला, लहान पोराच्या डोक्यावरून फिरवावा तसा. मग मागे सारला. "न्हाई. म्या नेला तर पेटीत ऱ्हाईल आन् उंदरं खात्याल. तुमी घालता न्हवं?"

"घालतो."

"गावातनं हिंडता?"

"हिंडतो."

"मंग हिंडा. लई हौस होती त्येला हिंडायची. म्या म्हनीन, गेलाय नांदेडला, यील."

तिच्या तारखेच्या दिवशी वकीलसाहेब तोच पटका बांधून अदालतीत उभे राहिले. मुकदम्याचं काय झालं ते मला आता आठवत नाही. ती बाई परत जाताना दारात थांबून आम्हाला हसून 'येते' म्हणाली, ते आठवतं. त्या दिवशी मला वकीलसाहेबांचं वेड पहिल्यांदा कळलं, आणि कळल्यावर मी त्याला मनात कधी वेड म्हटलं नाही.

मग ते शेवटचं वर्ष आलं. तलवारी-भाले घेतलेली, निजामाच्या बाजूची टोळकी गावोगाव हिंडायला लागली होती. खेड्यांतून घरं जाळल्याच्या बातम्या यायच्या. पांढरी टोपी घातलेला माणूस दिसला की धरायचे, मारायचे. आमच्या ह्यांनी शाळेत एका सभेत काही बोलून ठेवलं होतं, आणि एक दिवस निरोप आला की पकडायच्या यादीत मास्तरांचं नाव आहे, आजच्या आज निघा. वऱ्हाडात निजामाचा अंमल नव्हता. हिमायतनगरच्या पुढे पैनगंगा ओलांडली की सुटका. पण स्टेशनावर पाळत होती आणि रस्त्यावर नाके.

वकीलसाहेब म्हणाले, "एकटा माणूस निघाला की पळालेला दिसतो. सूनबाई, तुम्हीही चला. लग्नाला निघाल्यासारखं नटा. मी येतो."

ते खोलीतून बाहेर आले तेव्हा मी ह्यांच्याकडे पाहिलं आणि हे माझ्याकडे. दरबारी माणूस घालतो तशी दस्तार डोक्यावर, म्हणजे चपटी, घट्ट बांधलेली हैदराबादी पगडी. अंगात काळी शेरवानी, कमरेला सोनेरी बकल असलेला पट्टा, ज्याला बुगलूस म्हणायचे. कुण्या जुन्या, मोठ्या अधिकाऱ्याचा तो जोड होता. घरातून निघून बैलगाडीत बसेपर्यंत ते आमच्याशी एक शब्द बोलले नाहीत. त्या माणसाला फार बोलायची सवय नसावी.

भोकरच्या पुढे गाडी अडवली. आठ-दहा जण होते, भाले होते. एकानं बैलांची वेसण धरली आणि पडदा उचलायला हात घातला. वकीलसाहेबांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. समोर, दूर कुठेतरी बघत, कंटाळलेल्या आवाजात म्हणाले, "सलाम का दस्तूर उठ गया क्या इस इलाक़े से?"

एवढंच. मग वेसण धरणाऱ्याचा हात सुटला आणि कपाळाला गेला. त्याच्या मागून बाकीच्यांचे. वकीलसाहेबांनी दोन बोटं दस्तारीपर्यंत नेली आणि गाडीवाल्याला म्हणाले, "चलो."

नदीपार ह्यांना त्यांच्या सोबत्यांच्या हवाली करून आम्ही दोघं परत फिरलो. तिथे बायकांची राहायची सोय नव्हती आणि आक्का घरी एकट्या होत्या. परतीच्या वाटेवर मी विचारलं, "त्यांनी ओळखलं असतं तर?" वकीलसाहेबांनी दस्तार काढून मांडीवर ठेवली होती आणि साधं उपरणं डोक्याला गुंडाळलं होतं. म्हणाले, "मी फार भ्यालो होतो, सूनबाई. पण ज्याची ही दस्तार, तो नव्हता भ्याला."

भाद्रपदात फौज आली, निजाम शरण गेला. राज्य बदललं. लोक रस्त्यावर नाचले, आम्ही दिवे लावले, आक्कांनी साखर वाटली. माझ्या मनात एकच होतं, आता हे घरी येतील. पण मधले काही दिवस असे आले की ते मी कोणाला फारसे सांगत नाही. ज्यांनी वर्षभर सोसलं होतं त्यांच्यातलेच काही जण काठ्या घेऊन बाहेर पडले. ज्यांनी अत्याचार केले ते केव्हाच पळाले होते. राहिले होते ते चाचांसारखे.

त्या सकाळी मी घाटावर धुणं घेऊन गेले तर गोदावरीच्या गढूळ पाण्यातून लाल लाल काही वाहत येत होतं. मला आधी फुलं वाटली. रुमी टोप्या होत्या. लोकांनी रातोरात नदीत टाकल्या होत्या. हिंदूंनी टाकल्या, मुसलमानांनीही टाकल्या. गोंडे पाण्यावर तरंगत होते. मी धुणं तसंच उचलून घरी आले आणि वकीलसाहेबांना सांगितलं.

"आणि चाचा?" त्यांनी विचारलं.

चाचा आणि त्यांची बीबी दुकानाच्या मागच्या खोलीत दार लावून बसले होते. चौकात सकाळपासून जमाव होता. शेजारचं एक दुकान फोडलं होतं. हे आम्हाला दुधवाल्याकडून कळलं.

वकीलसाहेब खोलीत गेले. बाहेर आले तेव्हा डोक्याला त्यांची स्वतःची, वडिलांकडून आलेली पगडी होती आणि हातात त्यांच्याजवळची सगळ्यात सुंदर चक्री पगडी, पांढऱ्या पंच्यात झाकलेली. आक्का आडव्या आल्या. "कुठे निघालास? मारतील तुला."

"चाचांना आणतो. ही पगडी घालून येतील तर कोणी बघणार नाही."

"आणि बीबी? त्या परक्या पुरुषाबरोबर येतील बाहेर?"

हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. मी म्हटलं, "मी जाते बरोबर." मी का म्हटलं, कशाच्या जोरावर म्हटलं, आजही सांगता येत नाही. कदाचित भोकरच्या रस्त्यावर त्यांच्याबरोबर बसले होते म्हणून.

मागच्या बोळातून आम्ही दुकानात शिरलो. आत निखारे विझलेले, साचे गार पडलेले, एका साच्यावर कोणाची तरी टोपी तशीच राहिलेली. चाचा जाजमावर बसले होते, डोक्यावर त्यांची नेहमीची रुमी, बीबी बुरख्यात कोपऱ्यात. वकीलसाहेबांनी पंचा सोडला आणि पगडी पुढे केली.

चाचांनी ती हातात घेतली. चहूकडून पाहिली. त्या पगडीचा पीळ त्यांनीच एकदा नीट बसवून दिला होता. मग परत दिली. "नक्को, वकीलसाब."

"चाचा, हा हट्ट करायची वेळ आहे का?"

"हट नक्को समझो. सारी उम्र लोगां के सर पो टोपी सीधी करा मैं. अब मरने के टाइम पो दूसरे के सर में छुपके जाऊँ? जाना है तो ऐसाच जातौं. नईं तो यहींच बैठतौं."

बाहेर आरडाओरडा जवळ येत होता. बीबी रडत होत्या, पण नवऱ्याला एका शब्दानं आग्रह केला नाही. वकीलसाहेबांनी हातातली चक्री पगडी खाली, चाचांच्या रिकाम्या साच्यावर ठेवली. स्वतःच्या डोक्यावरची वडिलांची पगडी काढून तिच्या शेजारी ठेवली. आणि दुसऱ्या साच्यावरची रुमी टोपी उचलून डोक्यावर घातली.

"ये क्या करतें?" चाचा उठले.

"कालपर्यंत ही बाजारात होती, चाचा. आज जुनी झाली. आता माझी." मग मला म्हणाले, "सूनबाई, बीबींचा हात धरा. पुढच्या दारानं जायचं."

पुढच्या दारानं! तरी मी बीबींना उठवलं. दार उघडलं. बीबींचा हात माझ्या हातात होता, बर्फासारखा गार. पुढे वकीलसाहेब आणि चाचा, खांद्याला खांदा लावून, दोघांच्या डोक्यावर लाल टोप्या. सबंध चौकात तेवढ्या दोनच.

जमाव आमच्याकडे वळला. त्यात ओळखीचे चेहरे होते. वकीलसाहेबांच्या पक्षकारांपैकीही होते. बाजाराच्या अर्ध्यापर्यंत आम्ही कसे गेलो कळलं नाही. तिथे एक तरुण काठी आडवी धरून उभा राहिला. त्याच्या भावाला त्या वर्षी टोळक्यानं मारलं होतं, हे मला मागाहून कळलं.

"वकीलसाहेब, टोपी काढा."

"ही टोपी ज्याच्या दुकानातली तो माझ्या शेजारून चालून राहिलाय. त्यानं काढली तर मी काढतो."

"बाजूला व्हा. आमचं तुमच्याशी काही न्हाई."

"माझं आहे ना तुझ्याशी. तुझ्या भावाच्या मातीला मी आलो होतो. विसरलास?"

काठी फिरली. टोपीला लागली, डोक्यालाही लागली. टोपी धुळीत पडली. वकीलसाहेब सावकाश वाकले, टोपी उचलली, झटकली, पुन्हा घातली. काठी पुन्हा फिरली. पुन्हा ते वाकले. या वेळी कानावरून रक्ताची धार अंगरख्यावर उतरली होती. चाचा मध्ये पडायला गेले तर वकीलसाहेबांनी त्यांना हातानं मागे धरलं. टोपी पुन्हा पडली. ते वाकले, पण डोळ्यांत रक्त गेलं होतं आणि त्यांचा हात धुळीत नुसताच चाचपडत होता. टोपी तिथेच, वीतभर पलीकडे होती. त्यांना दिसत नव्हती.

मी बीबींचा हात सोडला. पुढे गेले, टोपी उचलली, पदरानं पुसली आणि त्यांच्या डोक्यावर ठेवली. परक्या पुरुषाच्या डोक्याला मी त्याआधी कधी हात लावला नव्हता. त्यांचे केस ओले होते. माझी पाठ काठीवाल्याकडे होती. काठी आता माझ्या पाठीवर येणार, म्हणून मी डोळे मिटले.

काठी आली नाही. मी वळले तेव्हा तो तरुण रडत होता. उभा तसाच, काठी टेकून, मोठ्यानं. त्याच्या मागची माणसं एकेक करून बाजूला झाली. आम्ही त्यांच्या मधून घरापर्यंत चालत आलो.

दारात आक्का उभ्या होत्या. भावाचं रक्त पाहून त्या ओरडल्या नाहीत. आधी बीबींना आत घेतलं. ओसरीवर नाही, माजघरात. स्वतःच्या अंथरुणावर बसवलं, आपल्या हातानं त्यांना पाणी पाजलं, आणि मग हळद घेऊन भावाकडे आल्या. रक्त पुसता पुसता एवढंच म्हणाल्या, "चाचा, तुम्ही पण आत या. बाहेर काय करून राहिलात?"

त्या संध्याकाळी दुकान लुटलं आणि जाळलं. साच्यांसकट, आणि साच्यांवर ठेवलेल्या त्या दोन पगड्यांसकट. वडिलांच्या पगडीबद्दल वकीलसाहेब पुढे कधीही बोलले नाहीत. शहर शांत होईपर्यंत चाचा आणि बीबी आमच्याकडे, त्या मडक्यांच्या खोलीत राहिले. आमचे हे परत आले ते पांढरी टोपी घालून, हारतुरे गळ्यात. मी ह्यांना सगळं सांगितलं. ह्यांनी ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी शाळेत जाण्याआधी खाली जाऊन वकीलसाहेबांच्या पायांवर डोकं ठेवलं. आमच्या ह्यांनी देवळातसुद्धा कधी डोकं टेकलं नव्हतं.

थंडी पडल्यावर चाचांच्या मुलीचा हैदराबादेहून निरोप आला. दुकान राहिलं नव्हतं, साचे राहिले नव्हते, आता इथे करणार काय? चाचांनी जायचं ठरवलं. आम्ही सगळे त्यांना पोचवायला स्टेशनावर गेलो. आक्काही आल्या, फराळाचा डबा घेऊन.

वकीलसाहेब मागून आले, आणि फलाटावरची माणसं वळून वळून बघायला लागली. ते उघड्या डोक्यानं आले होते. ना पगडी, ना टोपी, ना उपरणं. मीही त्यांना आपणहून तसं बाहेर पडलेलं कधी पाहिलं नव्हतं. केस अगदी विरळ, पांढरे, आणि कानाच्या वर काठीचा लांब व्रण, नुकता भरून आलेला. त्या काळी जुन्या वळणाचा माणूस असा चारचौघांत निघत नसे. कोणी गेलं असेल तरच. आक्का घाईघाईने म्हणाल्या, "अरे, काहीतरी बांध डोक्याला." त्यांनी ऐकलं नाही.

ते चाचांपुढे जाऊन उभे राहिले. उंच माणूस, थोडे वाकले. चाचांनी त्यांच्याकडे बघितलं, मग आपला तो म्हातारा हात, बोटांवर साच्यांचे जुने चटके असलेला, त्यांच्या उघड्या डोक्यावर ठेवला. लहान भावाच्या डोक्यावर ठेवावा तसा. ओठातल्या ओठात काही म्हणत राहिले. गार्डानं शिट्टी दिली तरी हात काढला नाही. शेवटी बीबींनी डब्यातून हाक मारली तेव्हा चाचा चढले.

गाडी दिसेनाशी झाली. आम्ही निघालो. वकीलसाहेब मात्र तिथेच, उन्हात उभे राहिले, आणि आक्कांनी दंड धरून 'चल' म्हटल्यावरच हलले.